तिसरी पायरी : स्नोबोर्ड शिकवणाऱ्याची परीक्षा

सुमारे दीड मीटर लांब आणि वीतभराहून थोड्या अधिक रुंद अशा एकाच फळीवर दोन्ही पाय आडवे बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येण्याच्या खेळाला स्नोबोर्डिंग म्हणतात. हा खेळ शिकवणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था हिवाळी खेळांची परंपरा असलेल्या अनेक देशांत आहेत, मात्र त्यांच्या पायऱ्या सारख्या नाहीत. कॅनडात आणि ब्रिटनमध्ये त्या चार आहेत, तर अमेरिकेत तीन, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून दोन देशांच्या प्रशिक्षकांची तुलना करणे फसवे ठरते. या प्रकरणात अमेरिकेतील तिसऱ्या, म्हणजे तेथील सर्वोच्च प्रमाणित पायरीचा विचार केला आहे. पहिल्या पायरीचा प्रशिक्षक नवशिक्यांना शिकवण्यास पात्र समजला जातो, दुसऱ्या पायरीचा मध्यम तयारीच्या विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि तिसऱ्या पायरीच्या प्रशिक्षकाकडून अशी अपेक्षा असते की डोंगरावरील जवळपास कोणत्याही उतारावर, कोणत्याही तयारीच्या माणसाला त्याने शिकवावे.

या परीक्षेमागची संस्था खेळाच्या मानाने उशिरा जन्मली. मिशिगन राज्यातील मस्कीगन येथे १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून जे खेळणे केले, त्याला ‘स्नर्फर’ असे नाव पडले. पुढे १९७७ पासून व्हर्माँटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर याने पाय बांधता येतील अशा फळ्या बनवून विकायला सुरुवात केली. परंतु स्कीच्या केंद्रांनी या पोरखेळाला बराच काळ दारात उभे केले नाही. कोलोरॅडोतील ब्रेकनरिज केंद्राने १९८४ मध्ये स्नोबोर्डला परवानगी दिली तेव्हा ती मोठी गोष्ट मानली गेली, आणि युटामधील आल्टा व डिअर व्हॅली तसेच व्हर्माँटमधील मॅड रिव्हर ग्लेन या तीन केंद्रांवर पुढे कैक वर्षे बंदी राहिली. गमतीची गोष्ट अशी की त्या पहिल्या काळात काही केंद्रांवर परीक्षा शिकवणाऱ्याची नव्हे, तर साध्या खेळणाऱ्याचीच होत असे. फळीवर ताबा आहे हे दाखवून कार्ड मिळवल्याशिवाय त्याला पाळण्यात बसून वर जाता येत नसे. अमेरिकेतील स्की प्रशिक्षकांची व्यावसायिक संघटना १९६१ मध्येच स्थापन झाली होती, आणि तिच्याच छत्राखाली १९९७ मध्ये स्नोबोर्ड प्रशिक्षकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, जपानमधील नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

तिसऱ्या पायरीच्या परीक्षेचे ठळक भाग दोन, चालवण्याचा आणि शिकवण्याचा. दोहोंच्या मुळाशी ‘फळीखाली काय घडते’ याचे तांत्रिक ज्ञान असते. बाहेरून पाहणाऱ्याला चालवण्याचा भाग अवघड आणि शिकवण्याचा भाग त्याच्या मागून येणारी औपचारिकता वाटते, परंतु परीक्षेची घडण नीट पाहिली तर हा क्रम उलटा लागतो. चालवण्याच्या भागातही परीक्षक उमेदवाराच्या धाडसाकडे पाहत नसून त्याचे चालवणे वाचता येते की नाही हे पाहत असतात. उमेदवाराला सांगितले जाते की हेच वळण आता मोठ्या त्रिज्येने घ्या, आता तेच फळी घसटत घ्या, आता फक्त घोट्यांच्या हालचालीने घ्या, आणि प्रत्येक वेळी मागितलेली एकच गोष्ट बदलली पाहिजे, बाकीच्या जागच्या जागी राहिल्या पाहिजेत. हे म्हणजे गवयाला एकच तान तीन लयींत म्हणायला लावण्यासारखे आहे; ज्याला तान नुसती पाठ आहे त्याची येथे पंचाईत होते.

हे वाचन ज्या भाषेत होते तिची मुळाक्षरे संघटनेने ठरवून दिली आहेत. फळीला चार गोष्टी करता येतात : ती एका कडेवर कलते, बर्फावर चपटी राहून चक्रीसारखी फिरते, ओला पंचा पिळावा तशी लांबीच्या अक्षाभोवती पीळ खाते, आणि तिच्यावरचा दाब पुढे-मागे, आडवा किंवा कमी-जास्त होतो. यांपैकी पीळ ही गोष्ट स्कीवरून आलेल्या माणसाला नवी असते, कारण स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर असल्यामुळे पुढच्या पायाची बोटे दाबून मागच्या पायाची टाच दाबलेली ठेवली की फळीचे पुढचे टोक एका कडेकडे आणि मागचे टोक दुसऱ्या कडेकडे वळते, आणि पुढची कड आधी पकड घेऊन सगळ्या फळीला वळणात ओढून नेते. याच चार गोष्टींवर सहा मूलतत्त्वे उभी केली आहेत, ज्यांतील तीन दाबाविषयी आहेत (लांबीच्या दिशेने, रुंदीच्या दिशेने आणि एकूण प्रमाणात) व उरलेली तीन अनुक्रमे कल, फिरवण आणि पीळ यांविषयी. शरीर या सर्वांत साधन म्हणून येते : सांधे वाकवणे, सरळ करणे आणि धड किंवा पाय फिरवणे, एवढ्यावरच सगळे भागवायचे असते.

कल हे मूलतत्त्व थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण नुसत्या नजरेने न दिसणारी एक अडचण त्यात दडलेली आहे. स्नोबोर्डच्या दोन्ही बाजू सरळ नसून आत कमानीसारख्या कोरलेल्या असतात, आणि ही कमान ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याची त्रिज्या सर्वसाधारण फळीसाठी आठ मीटरच्या आसपास येते. फळी कडेवर कलवली की कमानीचा मधला भागही बर्फाला टेकण्यासाठी ती धनुष्यासारखी वाकते आणि वळणाची त्रिज्या आणखी लहान होते. ढोबळमानाने, मूळ त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोज्येने गुणले की नवी त्रिज्या मिळते, म्हणजे ६० अंश कलवलेली आठ मीटरची फळी चार मीटरचे वळण घेते. ज्या वळणात फळी मुळीच घसटत नाही आणि बर्फावर पेन्सिलीच्या रेघेसारखी एकच बारीक रेष उमटते, त्याला ‘कार्व्हिंग’ किंवा कोरीव वळण म्हणतात. आता वळणात बाहेर फेकले न जाण्यासाठी शरीराला आत कलावे लागते, आणि जितके कलावे तितकी त्रिज्या लहान होऊन आणखी कलावे लागते. सपाट पृष्ठभागासाठी हा हिशेब मांडला तर आठ मीटरच्या फळीवर ताशी २५ किलोमीटर वेगाला सुमारे ३८ अंश कल पुरतो, ताशी ३० किलोमीटरला मात्र तो सुमारे ६२ अंशांवर जातो, आणि ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास हिशेबच संपतो, म्हणजे त्या वेगाला त्या फळीवर निखळ कोरीव वळण शिल्लकच राहत नाही. खऱ्या उतारावर चढउतार, बर्फाचा कडकपणा आणि फळीचे वाकणे यांमुळे आकडे बदलतात, पण हिशेबाचा स्वभाव तोच राहतो : ताशी पाचच किलोमीटरच्या फरकात शरीराला बर्फाकडे आणखी २४ अंश झुकायचे असते. म्हणून कोरीव वळणे मागताना परीक्षक वेगावर नव्हे तर मागे उमटलेल्या रेषेवर नजर ठेवतात. रेष बारीक सुरू होऊन शेवटी झाडूच्या फटकाऱ्यासारखी पसरली असेल, तर उमेदवाराने वेग आधीच्या वळणात वाढू दिला होता आणि त्याची किंमत या वळणात चुकवली, एवढे त्यांना खाली उभे राहूनच कळते.

कल देण्याचे दोन मार्ग आहेत, आणि परीक्षेची भाषा त्यांना वेगळी नावे देते. संपूर्ण शरीर खांबासारखे सरळ ठेवून आत कलवणे हा एक मार्ग. कंबर, गुडघे आणि घोटे यांच्याशी कोन करून पाय आत व धड तुलनेने उभे ठेवणे हा दुसरा. पहिल्याने ताकद कमी लागते पण पकड सुटली तर माणूस थेट आडवा होतो. दुसऱ्याने तोल सावरायला जागा उरते. सह्याद्रीत मुरुमाच्या घसाऱ्यावरून उतरलेल्या माणसाला यातले मूळ तत्त्व ठाऊक असते : भीतीपोटी डोंगराकडे रेलले की पाय सटकतात, आणि धड पायांच्या वर आणले, जरी ते दरीकडे झुकल्यासारखे वाटले, तरी बूट रुततो. स्नोबोर्डवर हीच भीती उपजत असते आणि ती मोडणे हा नवशिक्याचा पहिला धडा असतो. तिसऱ्या पायरीच्या उमेदवाराकडून अपेक्षा ही की ती भीती त्याने स्वतः कशी मोडली हे त्याला आठवावे.

आणि आठवत नाही, हाच खरा पेच आहे. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्य अंगी बाणण्याचे तीन टप्पे मांडले : आधी माणूस विचार करून हालचाल करतो, मग हालचाली एकमेकींशी जुळू लागतात, आणि शेवटी त्या आपोआप होऊ लागतात. या शेवटच्या टप्प्याची किंमत सिअन बाइलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोल्फच्या प्रयोगांत दिसून आली. तज्ज्ञ खेळाडू चेंडू खळगीत कसा ढकलावा हे सर्वसाधारणपणे उत्तम सांगत, पण नुकताच मारलेला विशिष्ट फटका आठवायला सांगितला की त्यांची स्मृती नवशिक्यांपेक्षा तोकडी पडे. याला ‘तज्ज्ञतेतून येणारे विस्मरण’ असे नाव देण्यात आले. त्याच प्रयोगमालिकेत तज्ज्ञांच्या हाती मुद्दाम वेडीवाकडी आणि असमतोल वजनाची काठी दिली, तेव्हा मात्र त्या-त्या फटक्याची स्मृती परतली, कारण अनोळखी काठीने त्यांना पुन्हा लक्ष देऊन खेळायला भाग पाडले.

स्नोबोर्डच्या परीक्षेत ही वेडीवाकडी काठी आधीपासूनच आहे, असे म्हणता येईल. स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा असल्यामुळे त्याचा एक पाय नेहमी पुढे असतो. डावा पुढे ठेवणाऱ्याला ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’ म्हणतात, आणि आपल्या स्वाभाविक बाजूच्या उलट पाय पुढे ठेवून चालवण्याला ‘स्विच’ म्हणतात. तिसऱ्या पायरीचा उमेदवार स्विचमध्येही सफाईने वळणे घेऊ शकला पाहिजे. वरवर पाहता ही कसरत हवेत अर्धी गिरकी घेऊन उलटे उतरता यावे म्हणून आहे, आणि तेही खरेच. परंतु तिचा मोठा उपयोग असा की उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने बाराखडी गिरवावी तसा उमेदवार अनेक वर्षांनी पुन्हा नवशिका होतो. खांदे आधी फिरतात आणि फळी मागून येते, मागचा पाय घसटतो, टाचेच्या बाजूला कंबर बसते, हे सर्व दोष त्याला आपल्याच अंगात, आतून, भेटतात. पुढे विद्यार्थ्यांत हेच दोष पाहताना त्याच्या हाती जी शब्दसंपत्ती असते ती बहुतांशी या उलट्या वाटेवर गोळा झालेली असते. तयारीच्या हंगामात सोप्या, नवशिक्यांच्या उतारावर तासन्‌तास स्विचमध्ये घालवणारा उमेदवार वेळ वाया घालवत नसतो, हा या परीक्षेविषयीचा बहुधा सर्वांत उपयोगी तपशील आहे, आणि नेमका तोच कित्येकांना उशिरा उमगतो.

हे आतून ओळखणे परीक्षेच्या ज्या अंगात पणाला लागते त्याला हालचालींचे विश्लेषण म्हणतात. उतरून येणारा एखादा माणूस, प्रत्यक्ष किंवा चित्रफितीत, उमेदवाराला दाखवला जातो, आणि त्याच्या फळीने वळणाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी काय केले, ते शरीराच्या कोणत्या हालचालीमुळे झाले, आणि काय बदलले तर काय बदलेल, हे त्याने कार्यकारणाच्या साखळीत सांगायचे असते. टाचेच्या बाजूच्या वळणात शेवटी फळी खडखडत उड्या मारते, हा अगदी नेहमीचा दोष उदाहरणादाखल घेता येईल. कच्चे उत्तर असे असते की माणूस पुरेसा खाली बसत नाही, त्याला खुर्चीत बसल्यासारखे बसायला सांगावे. पक्के उत्तर फळीपासून सुरू होते : वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात कड पकडते, सुटते, पुन्हा पकडते, म्हणजे तिच्यावरचा दाब एकदम वाढतो आणि एकदम जातो. तो तेथेच का वाढतो, तर वळणात बाहेर फेकणारे बल आणि गुरुत्वाचा उताराच्या दिशेचा वाटा हे दोन्ही तेथे एकाच बाजूला ओढतात. हा वाढता दाब एरवी पाय वाकून शोषतात, परंतु टाचेच्या बाजूला घोटा बोटांच्या बाजूइतका मोकळा नसतो, तो बुटामागच्या ताठ पाठीला रेललेला असतो, त्यामुळे शोषण्याचे काम गुडघ्यांवर येते; आणि दाखवलेल्या माणसाने गुडघे ताठ ठेवून फक्त कंबरेत वाकून नितंब आत टाकले आहेत, म्हणजे कल भरपूर दिला पण दाब सोसायला जागाच ठेवली नाही. मग खुर्चीत बसण्याच्या सल्ल्याने तो कंबरेत आणखी वाकेल आणि खडखड वाढेल, हेही त्याच साखळीतून निघते. तालमीत वस्ताद हौदाच्या कडेला बसून ‘पाय आण’ एवढेच ओरडतो, पण ते दोन शब्द निवडण्याआधी त्याने मनात अशीच साखळी ओढलेली असते. परीक्षक ती साखळी मोठ्याने ओढायला लावतात.

शिकवण्याच्या भागात बरोबरचे उमेदवारच बहुधा विद्यार्थी होतात, आणि ही व्यवस्था जरा अवघडच आहे, कारण समोर उभा असलेला ‘विद्यार्थी’ तितकाच तरबेज आणि तितकाच घाबरलेला असतो. येथील निकषांत विद्यार्थ्याशी मिळून उद्दिष्ट ठरवणे, माहिती, कृती, उताराची निवड आणि गती यांचे नियोजन, खेळत व धडपडत शोधू देणे, विद्यार्थ्याला स्वतःला काय जाणवले यावर विचार करायला लावणे, त्याच्या बदलत्या गरजेनुसार बेत बदलणे, आणि शारीरिक तसेच मानसिक धोका सांभाळणे, या गोष्टी येतात. पाठ करून आणलेला धडा येथे फारसा चालत नाही; बर्फ सकाळी कडक आणि दुपारी मऊ होते, आणि काल सुचलेला व्यायाम आजच्या उतारावर निरुपयोगी ठरतो.

सूचना कोणत्या शब्दांत द्यावी, याविषयी मात्र संशोधनाने थोडा ठाम आधार दिला आहे. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीसारख्या डावी-उजवी हालणाऱ्या यंत्रावर प्रयोग करून असे दाखवले की आपल्या पायाने दिलेल्या जोराकडे लक्ष द्या असे सांगितलेल्यांपेक्षा, यंत्राच्या चाकांवर पडणाऱ्या जोराकडे लक्ष द्या असे सांगितलेले लोक अधिक चांगले शिकले, वस्तुतः चाके पायांखालीच होती. बर्फावर याचा अर्थ असा की ‘गुडघा वाकव’ म्हणण्यापेक्षा ‘कड बर्फात रुतव’ किंवा ‘रेष बारीक ठेव’ म्हणणे बहुधा अधिक फळते. येथे उमेदवाराची दुहेरी ओढाताण होते, कारण विश्लेषण करताना त्याला गुडघा, घोटा आणि कंबर यांच्या भाषेत विचार करावा लागतो आणि शिकवताना ती सगळी भाषा गिळून विद्यार्थ्याला एखादी साधी, बाहेरची खूण द्यावी लागते. जे शोधायला दहा मिनिटे लागली ते चार शब्दांत सांगायचे, आणि उरलेले परीक्षकाने विचारलेच तर सांगायचे.

गुण एक ते सहा या मापावर दिले जातात. अपेक्षित गोष्ट दिसलीच नाही तर एक, दिसू लागली तर दोन, दिसली पण सातत्य नाही तर तीन, समाधानकारक पातळीवर नियमित दिसली तर चार, आणि त्याहून सरस असेल तर पाच व सहा. उत्तीर्ण होण्याची रेषा चारवर आहे. तीन आणि चार यांच्यामधले अंतर हे कौशल्याचे नसून सातत्याचे आहे, हे या मापाच्या शब्दरचनेतच लिहिलेले आहे. अनुत्तीर्ण उमेदवार बहुधा अशा गोष्टीत अडकतो जी त्याला येते, पण दर वेळी येत नाही, आणि म्हणून त्याला निकाल अन्यायाचा वाटतो. चित्रफीत पाहिल्यावर डाव्या बाजूची सहापैकी चार वळणे स्वच्छ आणि दोन घसटलेली दिसली की तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

उंच डोंगर आणि उड्यांचे मैदान यांविषयी लोकांच्या मनात जी भीती असते ती अगदीच निराधार नाही, परंतु तिच्यावर थोडक्यात बोलून भागते. अमेरिकेत उतारांना हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळी चौकट अशी चढत्या अवघडपणाची चिन्हे असतात, आणि दोन काळ्या चौकटी म्हणजे फक्त पारंगतांसाठी. तिसऱ्या पायरीच्या उमेदवाराने तेथेही, उंचवट्यांच्या खाचखळग्यांतही, ताबा आणि लय राखली पाहिजे, शिवाय उडी मारून गिरकी घेणे आणि धातूच्या पट्टीवरून घसरणे हेही दाखवले पाहिजे. ब्रेकनरिजच्या सर्वांत उंच पाळण्यातून उतरणारा माणूस ३,९१४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर असतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही खाली उतरलेला असतो आणि सखल प्रदेशातून आदल्या रात्री आलेल्या उमेदवाराला तिसऱ्याच उताराला धाप लागते. पाय थकले की सर्वांत आधी घोट्याची बारीक हालचाल जाते, मग माणूस कंबरेतून वाकू लागतो, आणि टाचेच्या बाजूची खडखड, जी त्याने सकाळी दुसऱ्याच्या चित्रफितीत अचूक ओळखली होती, दुपारी त्याच्याच फळीखालून ऐकू येते.

प्रमाणपत्र मिळाले तरी ते कायमचे नसते. ठराविक काळाने पुढील प्रशिक्षणाचे तास भरून ते जिवंत ठेवावे लागते, आणि जे एखाद्या भागात राहिले असतील त्यांना पुढच्या हिवाळ्यात तेवढ्यासाठी पुन्हा यावे लागते. मधल्या काळात उत्तीर्ण आणि राहिलेले असे दोघेही बहुधा एकाच केंद्रावर, एकाच गणवेशात, सकाळी नऊच्या वर्गाला हिरव्या वर्तुळाच्या उतारावर उभे असतात, जेथे पहिल्यांदाच आलेली माणसे एक पाय बांधून आणि दुसरा मोकळा ठेवून सपाट बर्फावर फळी ढकलायला शिकत असतात.